कोकणात माशांचं जेवण: निघण्यापासून बिलापर्यंत

दुपारचे पावणेतीन. खानावळीसमोर मुंबईची नाहीतर पुण्याची गाडी उभी राहते, पाच माणसं उतरतात आणि चप्पल काढायच्या आत विचारतात, "सुरमई थाळी आहे ना?" आहे, असंच उत्तर येतं. सकाळची केव्हाच संपलेली असते, मग फ्रीजरमधली निघते. ती वितळवून, रव्यात घोळवून कडक तळली जाते. मंडळी जेवतात, फोटो काढतात आणि घाट चढताना म्हणतात, "छे, पूर्वीची चव राहिली नाही."

मी रत्नागिरीत राहतो. कामासाठी महिन्यातून दोन-तीनदा कणकवली, मालवण, वेंगुर्ला अशी फेरी होते आणि त्या दिवसांत दोन्ही वेळचं जेवण बाहेरच असतं. शेजारच्या टेबलांवर इतक्या वर्षांत जे पाहिलं, आणि सुरुवातीला मी स्वतः जे जे चुकलो, त्यावरून हा क्रम लिहितोय. मधली एखादी पायरी गाळली की पुढची कोसळते, म्हणून क्रमानेच घ्या.

१. तारीख आणि वार

यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत तुमच्या ताटात सुरमई आली, तर ती बर्फातली आहे किंवा बाहेरून आणलेली आहे. खानावळवाला तुम्हाला फसवत नाही. तुम्ही मागितलीत, त्याने दिली. बंदी उठली की दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत होतं असंही नाही. दर्या शांत नसेल तर बोटी धक्क्यालाच राहतात आणि जुन्या चालीची माणसं नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी लोटत नाहीत.

पावसाळ्यात येणारच असाल तर मागणी बदला. खाडीचे मासे, कुर्ल्या (खेकडे), सुक्या माशांचे प्रकार यांचे ते दिवस. सुक्या बांगड्याची किसमूर (ओल्या खोबऱ्यात कालवलेली), जवळ्याची चटणी आणि सोबत कुळथाची पिठी-भात हे जेवण जुलैत जसं लागतं तसं डिसेंबरात लागत नाही. पण ते तोंडाने मागावं लागतं, कारण पाहुण्याला सुकं वाढायला बाई संकोचते.

आता वार. सोमवार, गुरुवार, संकष्टी या दिवशी गावातलं निम्मं गिऱ्हाईक मासे खात नाही, त्यामुळे खानावळी माल कमी भरतात. सोमवारी तर बऱ्याच ठिकाणी रविवारचा उरलेलाच पुढे येतो. श्रावणात आणि गणपतीच्या दिवसांत काही घरगुती खानावळी मासे शिजवतच नाहीत. बुधवार आणि शुक्रवार माझे आवडते. रविवारी मासा ताजा मिळतो, पण गर्दीत स्वयंपाकघराचा हात घाईला येतो.

इशारा: देवस्थानाच्या गावात मासे शोधत फिरू नका. गणपतीपुळ्यात उतरला असाल तर तिथे मोदक खा. माशासाठी रत्नागिरी पंचवीसेक किलोमीटरवर आहे.

२. आदल्या दिवशीचा फोन

घरगुती खानावळीत किंवा न्याहारी-निवासाच्या ठिकाणी हा फोन राहिला तर पुढचं सगळं बिघडतं. त्यांच्याकडे साठा नसतो. सकाळी बाजारात जाऊन तुमच्या डोक्यांच्या हिशेबाने ते माल आणतात. फोनवर चारच गोष्टी सांगा: किती माणसं, किती वाजता, तिखट कोणाला चालत नाही आणि शाकाहारी किती. कुठला मासा हवा ते सांगू नका. "सकाळी जे चांगलं मिळेल ते आणा, खर्च साधारण इतका," एवढं बोललात की त्या घरची बाई बाजारात तुमच्या वतीने निवड करते, आणि ती निवड तुमच्या-माझ्यापेक्षा बरी असते. तुम्ही पापलेटच हवं म्हणून हटलात, तर त्या दिवशी महाग आणि शिळं असलं तरी ती बिचारी पापलेटच आणणार.

शाकाहारी माणसाचं आधी सांगायचं कारण वेगळं आहे. आयत्या वेळी त्याला बटाट्याची भाजी मिळते. आधी कळलं तर काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं, दिवस असतील तर फणसाची भाजी होते. तवा आणि तेल वेगळं हवं असेल तर तेही फोनवरच ठरवा. दुपारी एक वाजता त्या घरात दुसरा तवा रिकामा नसतो.

फोन त्याच दिवशी सकाळी नऊनंतर केलात तर बाजार होऊन गेलेला असतो. तेव्हा केलेला फोन टेबल राखून ठेवण्यापुरताच.

३. जागा आणि वेळ

यावर फार लिहिण्यासारखं नाही. सव्वाबारा ते दीड या वेळात आत असा. रात्री आठच्या सुमाराला. दोननंतर कालवण तळाला लागलेलं असतं आणि ते पुरवायला त्यात पाणी पडलेलं असतं.

जागा निवडताना पाटी वाचू नका, बसलेली माणसं बघा. बँकेतले, कचेरीतले, एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर जेवत असतील तर बसा. फलकावर पंजाबी, चायनीज आणि मालवणी असं तिन्ही लिहिलेलं असेल तर पुढे चला. त्या तिन्हींच्या रश्शाची ग्रेवी बहुधा एकाच पातेल्यातून येते. नारळ-कोकमाच्या कालवणात काजूची पेस्ट लागली की मी वाटी बाजूला सारतो. माझा हेका समजा.

४. बसण्याआधी: काय आलंय आणि केवढ्याला

लोक मेनूकार्ड उघडतात, चूक तिथून सुरू होते. कार्डावर बारा मासे असतात, आत चार असतात. म्हणून कार्ड बाजूला ठेवा आणि काउंटरवरच्या माणसाला किंवा आतल्या वहिनींना विचारा, "आज ताजं काय आलंय?" प्रश्न असाच विचारा. "सुरमई ताजी आहे का?" या प्रश्नाला जगात एकच उत्तर असतं.

मालवणात एकदा मी बरोब्बर हा दुसरा प्रश्न विचारला. वहिनी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "सुरमय कालची हा. बांगडो आताच इलो. खातास तर बांगडो खावा." त्या दिवशी तिरफळ (जीभ चुरचुरवणारा मसाला) घातलेलं बांगड्याचं तिकलं, म्हणजे तिखट कालवण, खाल्लं आणि तेव्हापासून माझा प्रश्न बदलला.

नावांचा गोंधळ आधी सोडवा. किनाऱ्यावर दर तीस-चाळीस किलोमीटरला मासा नाव बदलतो. सुरमईला दक्षिणेकडे इसवण म्हणतात. कोळंबी मालवणी बोलीत सुंगटां होते. रायगडातला जिताडा सिंधुदुर्गात चणाक म्हणून भेटतो. सरंगा या शब्दावर विशेष लक्ष ठेवा: कोणाच्या तोंडी तो हलवा (काळं पापलेट) असतो, कोणाच्या तोंडी पापलेट. दोघांच्या भावात बराच फरक आहे, म्हणून "सरंगा म्हणजे काळा की पांढरा?" असं सरळ विचारून घ्या. विचारण्यात लाज कसली, गावातली माणसंही विचारतात.

मग मासा बघायला मागा. मोठ्या खानावळीत ट्रे आणून दाखवतात. घरगुती ठिकाणी, "जरा बघू का?" असं नीट म्हटलं तर आत बोलावतात. बघायचं हे: डोळे बाहेर आलेले आणि काचेसारखे असावेत, खोल गेलेले आणि दुधाळ नकोत. कल्ला उचलून आत लाल दिसला पाहिजे, तपकिरी नको. बोटाने दाबल्यावर खळगा परत भरून आला पाहिजे. बांगडा किंवा तारली असेल तर पोट बघा. पोट मऊ पडून फाटलेलं असेल तर तो सोडा. सुरमई-हलव्याच्या कापलेल्या तुकड्यांना डोळे नसतात आणि कल्लेही, तिथे वासावर भिस्त. मोरीला (शार्कला) नाकाला झोंबणारा, मुतारीसारखा वास येत असेल तर ती कितीही मसाल्यात घातली तरी तो जात नाही. मोरीच्या अंगात मुळातच युरिया असतो आणि मासा शिळा होताना त्याचा अमोनिया होतो.

आता भाव. कार्डावर पापलेट, शेवंड (लॉबस्टर), मोठी कोळंबी, कुर्ल्या यांच्यापुढे आकडा नसतो, "साइजप्रमाणे" किंवा "एपीएस" (ॲज पर साइज) लिहिलेलं असतं. याचा अर्थ मासा दाखवून, वजन करून, भाव सांगून मग तळायला टाकायचा, आणि हा क्रम तुम्हालाच पाळून घ्यावा लागतो. माझी फजिती सांगतो. लग्नाच्या वाढदिवशी एका ठिकाणी मी ऐटीत म्हणालो, "एक मोठं पापलेट येऊ द्या." आलं, खरंच मोठं होतं. बिलात त्या एकट्या पापलेटाची रक्कम उरलेल्या सगळ्या जेवणापेक्षा जास्त निघाली. भांडायला तोंड नव्हतं, कारण विचारलंच नव्हतं. बायको अजून पापलेट म्हटलं की माझ्याकडे बघते.

इशारा: उलट टोकाची चूकही करू नका. तळहातापेक्षा लहान पापलेटं स्वस्तात ढीगभर मिळतात, ती मागवू नका. २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमासा ठरवलं गेलं, ते त्याची संख्या घटत चालली म्हणूनच. वाढायच्या आधी पकडलेला मासा ताटात काटेच काटे असतो, खायला काही नाही.

तपासून घ्या: मासा ठरला, वजन कळलं, आकडा तोंडी पक्का झाला. आता बसा.

५. मागवणं

चार माणसांनी चार सुरमई थाळ्या मागवू नयेत. ताटातली तुकडी सगळ्यांना सारखी द्यायची म्हणून ती बारीक कापलेली असते, आणि चारही ताटांत कालवण एकच. त्याऐवजी दोन माशांची ताटं घ्या, तीही वेगवेगळ्या माशांची, आणि बाकी दोघांसाठी भात, भाकरी, कालवण वेगळं सांगा. वर एक तळलेला मासा अख्खा आणि एक सुकं, म्हणजे रस्सा नसलेलं, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) किंवा सुंगटांचं. मधे ठेवून खायचं. काही खानावळी ताट वाटून खाऊ देत नाहीत, ते आधी विचारून घ्या.

मागवताना पाच प्रश्न, एका दमात:

भाकरी तांदळाची की वडे? वडे कोंबडीच्या रश्शासाठी असतात, माशाच्या कालवणाला भाकरीच बरी.

भात उकडा की सुरय? उकड्या तांदळाचा भात जाड, किंचित तांबूस असतो. कालवण कालवल्यावर त्याचा लगदा होत नाही. पाहुण्यांना न विचारता पांढरा सुरय भात वाढतात, कारण बहुतेकांना तोच हवा असतो.

कालवण परत मिळेल का? बहुतेक ठिकाणी मिळतं. त्यातली तुकडी मात्र परत येत नाही, तशी अपेक्षाही धरू नका.

तळणीला रवा की नुसता मसाला? रव्याच्या जाड थराखाली काहीही लपतं. ताज्या बांगड्याला तिखट, हळद, मीठ, आगळ (कोकमाचा रस) लावून तव्यावर टाकला की पुरे.

सोलकढी ताटात आहे की वेगळी? आणि आज केलीय का? ताज्या नारळाच्या दुधाची सोलकढी काही तास राहिली की फुटते. वर पाणी आणि खाली साका दिसला तर परत पाठवा. रंग भडक गुलाबी असेल तर मला शंका येते. आगळ घातलेल्या सोलकढीचा रंग जरा मळकट असतो.

सगळं एकदम मागवू नका. तळलेलं अर्धं आता, अर्धं नंतर. तव्यावरून ताटात आलेला मासा पाच मिनिटांत ओलसर होतो. शेजारच्या टेबलावर मी नेहमी बघतो, सहा तुकड्या येतात, फोटो होतात, दोन गरम खाल्ल्या जातात आणि चार थंड.

६. ताट आल्यावर पहिली दोन मिनिटं

आधी वास. मग तळलेल्या तुकडीला बोटाने मधोमध उघडा. ताज्या माशाच्या पाकळ्या सुटतात, ओलसर आणि चमकदार. शिळा मासा हाताला पिठासारखा लागतो. खूप दिवस बर्फात राहिलेल्याचा चोथा होतो, चावून चावून तोंडात उरतो. काट्याजवळ अजून गुलाबी आणि चिकट असेल तर तो कच्चा आहे. तो परत तव्यावर टाकायला सांगा, कोणी वाईट मानत नाही.

इशारा: बांगडा खाताना पहिल्याच घासाला जिभेला किंवा ओठांना मिरी चावल्यासारखी चुणचुण झाली, तर तिथेच थांबा. बांगडा, कुपा असे मासे पकडल्यावर उन्हात पडून राहिले की त्यांत हिस्टामाइन तयार होतं आणि शिजवून किंवा तळून ते नाहीसं होत नाही. थोड्या वेळात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर चट्टे उठतात. श्वासाला त्रास झाला तर लगेच डॉक्टर गाठा. चुणचुण आणि तिरफळाचा झणका यांत घोटाळा होऊ शकतो, म्हणून आधी बघा की कालवणात तिरफळं आहेत का. तिरफळं असलीच तर ती चावायची नाहीत, काढून ताटाच्या कडेला ठेवायची. एकदा चावलीत तर पुढची दहा मिनिटं जीभ कामातून गेली.

तक्रार करायची ती पहिल्या दोन घासांत. अर्धा मासा संपवून "ताजा नव्हता" म्हटलेलं कोणीही ऐकत नाही, मीही ऐकणार नाही.

७. खाण्याचा क्रम

भाकरी आणि तळलेलं आधी, गरम असेपर्यंत. भाकरीबरोबर सुकं. मग भात घ्या, अर्धाच, त्यावर कालवण. दुसरा अर्धा भात सोलकढीसाठी राखा. सोलकढी शेवटी येते. ती आल्या आल्या सरबतासारखी गटागटा पिणारे लोक जेवणाच्या मध्यावर दुसरी मागतात, आणि शेवटच्या भाताला काहीच उरत नाही.

लिंबू कालवणात पिळू नका. त्याच्या आंबटपणाचं काम कोकमाने केलेलं असतं. तळलेल्यावर पिळा, तेही चव घेऊन.

कुर्ल्या मागवल्या असतील तर त्या भाकरीच्या टप्प्यावर हाताने, सावकाश. आधी पाय ओढून चोखायचे, मग मधला भाग, नांग्या शेवटी. नांग्या आतून ठेचून आणायला सांगा, नाहीतर दातांचा डॉक्टर शोधावा लागेल. पौर्णिमेच्या कुर्ल्या पोकळ आणि अमावास्येच्या भरलेल्या, असं किनाऱ्यावर सगळे सांगतात. मी अमावास्येच्या आसपासच मागवतो आणि वाद घालत नाही. पुढे लांबचा प्रवास असेल, पांढरा शर्ट असेल किंवा अर्ध्या तासात गाडी पकडायची असेल तर कुर्ल्या नकोतच.

८. काटे

मुलांना आणि नवख्यांना तारली-पेडवे देऊ नका. चव मोठी, पण काटे केसासारखे. सुरमई, हलवा, पापलेट यांत मधला कणा सोडला की प्रश्न मिटतो. मुडदुशे ही मुलांसाठी सगळ्यात सोपी: कणा एकच, शेपटीकडून ओढला की अख्खा निघतो.

बांगड्याची रीत अशी. पाठीकडून बोटाने चीर पाडा, वरची अर्धी बाजू कण्यापासून उचलून बाजूला घ्या. आता कणा उघडा दिसतो. तो शेपटीकडून धरून डोक्याकडे उचला, खालची बाजू मोकळी होते. पोटाकडचे बारीक काटे राहतात, ते बोटाने चाचपून काढा. बांगडा उलटा करून दुसऱ्या बाजूने खायला गेलात की काटे मोडून मांसात शिरतात. चमच्याने तर प्रयत्नच करू नका.

घशात काटा अडकला तर भाताचा मोठा गोळा किंवा केळं गिळायला लावतात. त्याने काटा आणखी खोल रुतू शकतो. हलकं खोकून बघा, पाणी प्या. नाही निघाला किंवा गिळताना दुखत राहिलं, तर सरळ दवाखाना.

९. बिल

वजनाने घेतलेल्या माशाची ओळ आधी बघा, ठरलेला आकडा तोच आहे ना. मग जादा भाकरी, जादा सोलकढी. जीएसटी लावला असेल तर बिलावर त्यांचा जीएसटी क्रमांक छापलेला हवा. लहान खानावळी बहुधा कर लावतच नाहीत, आणि ज्यांनी कंपोझिशन योजना (लहान धंद्यांसाठी ठोक कराची सोय) घेतलीय त्यांना तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. चूक दिसली तर आवाज न चढवता दाखवा. गर्दीत लिहिणाऱ्याची चूक होते, बऱ्याचदा तुमच्या फायद्याचीही.

रोख पैसे खिशात ठेवा. किनाऱ्यावरच्या वाडीत मोबाइलला रेंज नसली की स्कॅनर भिंतीवरच्या कॅलेंडरइतकाच उपयोगी.

निघताना वहिनींकडे घरचा मसाला किंवा आगळ मिळतं का विचारा. सुकट, सुके बांगडे घेणार असाल तर वर्तमानपत्रात गुंडाळून वर दोन प्लॅस्टिक पिशव्या बांधून घ्या. एकाच पिशवीत सुके बांगडे घेऊन मी एकदा कुडाळहून रेल्वेत चढलो होतो. चिपळूण येईस्तोवर माझ्या समोरचा बाक रिकामा झाला होता.